सेवाग्रामला दोन मिनिटं

माझा भाऊ आता विमानानं जातो. सहा महिने दिल्लीत मुलाकडे, सहा महिने चेन्नईत मुलीकडे, अशी म्हातारपणी त्याची वाटणी झाली आहे, आणि त्याची ने-आण हवेतून होते. सकाळी मुलाकडे नाश्ता, दुपारी मुलीकडे जेवण. मधला सगळा देश गाळून टाकलेला. त्या गाळलेल्या भागात मी राहते.

मी विमानात एकदाच बसले, वहिनी गेली तेव्हा. नागपूर ते दिल्ली. भाच्यानं घाईघाईत तिकीट काढून दिलं, त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या सगळ्या वेळात मला कोणी विचारलं नाही की बाई, कुठं निघालात, का रडताय. विचारणार तरी कसं? कुठं निघालात हे विमानात विचारायची सोयच नाही, सगळेच एका गावाला निघालेले. खिडकीशी बसलेल्या गृहस्थानं झडप खाली ओढली आणि तो झोपला. एवढ्या उंचावर येऊन खिडकी लावून घेणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. माझं रडणं अर्ध्यावर असतानाच खाली उतरण्याची सूचना झाली. पी हळद अन् हो गोरी, असा तो कारभार.

रेल्वेत रडणाऱ्या बाईला कोणी असं सोडत नाही. समोरची बाई आधी पाण्याची बाटली पुढे करते, मग काय झालं म्हणून विचारते, मग तिच्या घरातलं कोण कसं गेलं ते सांगते, आणि इटारसी येईपर्यंत आपणच तिची समजूत घालत असतो. मला हे आवडतं. मी तशी माणूसघाणी म्हणून ओळखली जाते. ऑफिसात माझ्या टेबलाशी गप्पा मारायला कोणी थांबत नसे. पण लांबच्या गाडीत बसले की माझीही जीभ सुटते. कारण गाडीतली माणसं पुन्हा भेटणार नसतात. त्यांना आपल्याकडून काही नको असतं, फार तर खालचा बर्थ.

आणखीही सुखं आहेत. सिग्नल न मिळाल्यानं गाडी कुठंतरी रानात उभी राहते आणि एकदम सगळं शांत होतं, तेव्हा पलीकडच्या कप्प्यातलं बोलणं ऐकू येतं. कोणाच्या तरी सुनेची चाललेली चौकशी आपण डोळे मिटून ऐकत राहतो. नरखेडकडे संत्र्याचे ढीग दिसतात, बल्लारशाहच्या पुढे पाट्यांवरची अक्षरं वाचता येईनाशी होतात. आपण लांब आलो हे डोळ्यांना कळतं, पाठीला कळतं. मी घरी एकटी असते. लग्न केलं नाही, आईवडील जाऊनही बरीच वर्षं झाली. सकाळी दूधवाला पिशवी अडकवून जातो, त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. गाडीत निदान कोणी "जरा सरकता का" तरी म्हणतं.

वर्धेच्या माणसाला रेल्वेचा लोभ असायला आणखी एक कारण आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मोठ्या लायनी आमच्या गावाशी येऊन मिळतात. त्यामुळे कोणाचाही सोयरा देशात कुठूनही कुठंही निघाला तरी तो आमच्या अंगणातूनच जातो. मग आदल्या दिवशी फोन येतो, "उद्या आमची गाडी तुमच्याकडून जाऊन राह्यली." असा फोन आला की डबा घेऊन स्टेशनवर जायचं, हा आमच्याकडचा रिवाज. कोणी पुढे येऊन सांगत नाही की डबा आणा, आणि डबा न आणणाऱ्याला पुढच्या लग्नात तोंड दाखवायची सोय नसते. वर्धा स्टेशन असो की सेवाग्राम, गाडीच्या वेळेला पाच-सहा घरची माणसं हातात पिशव्या घेऊन उभी असलेली दिसतात. कुठली बोगी कुठं लागते हे आम्हांला हमालांइतकंच ठाऊक असतं. गाडी थांबली की पोळ्या, ठेचा, गोरसपाक बिस्किटांचा पुडा वर जातो, आणि नवं बाळ कोणाच्या तरी हातून दारात दाखवलं जातं. आमच्या ऑफिसातल्या एकीचं लग्न असंच ठरलं. मुलाकडचे गाडीत, मुलगी खाली, हातात डबा. सेवाग्रामला गाडी दोन मिनिटं थांबते, पण पसंतीला तेवढी पुरली. नंतर तिचा संसार चांगला झाला.

माझा सोयरा एकच, भाऊ. तो माझ्याहून मोठा. नाचणगावला आमचे वडील मास्तर होते, तिथंच आम्ही वाढलो. पुढं भावाला दिल्लीत सरकारी नोकरी लागली आणि तो गेला. मी आईवडिलांना घेऊन वर्धेला आले, इथल्याच एका कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाले. भाऊ मला "बारके" म्हणतो. बारकी म्हणजे घरातली सगळ्यात लहान. मला बारकी म्हणणारं एक एक माणूस गेलं, आता तो एकटा उरला आहे. साठी उलटलेल्या बाईला कोणी बारके म्हणावं यात हसण्यासारखं आहे, पण मला ते लागतं, जेवणात मीठ लागतं तसं.

वहिनी गेल्यावर त्याची दिल्ली-चेन्नई सुरू झाली. जाताना दोन मिनिटं, सहा महिन्यांनी येताना दोन मिनिटं, एवढा माझ्या वाट्याला भाऊ. मी दिल्लीलाही जाऊन पाहिलं होतं. पण तिथं तो कोणाचा तरी बाबा, कोणाचा तरी आजोबा असतो, आणि मी पाहुणी. सेवाग्रामच्या फलाटावर तो फक्त माझा भाऊ असतो. गाडी थांबायच्या आधीच तो दारात उभा दिसायचा, केस विंचरून, शर्टाची वरची गुंडी लावून.

गेल्या हिवाळ्यात भाच्याचा फोन आला. बाबांना घेऊन चेन्नईला निघतोय म्हणाला, आणि पुढं सांगितलं, "आत्या, ट्रेननं ही लास्ट वेळ. पुढच्या वेळेपासून फ्लाइट. बाबांना आता सांभाळणं जमत नाही गाडीत. मागच्या वेळी भोपाळला चहा प्यायला उतरले आणि दुसऱ्याच गाडीत जाऊन बसले."

"दोन दिवस माझ्याकडे उतरू दे त्याले," मी म्हटलं.

"तू एकटी आहेस आत्या. रात्री उठून दार उघडून बाहेर जातात. विसरतात सगळं. तुला नाही झेपणार."

मला राग आला. विसरतात म्हणे! मागच्या खेपेला मला लांबून हाक मारली होती त्यानं. म्हाताऱ्यांना हलवायला सोपं जावं म्हणून पोरं त्यांना असे रोग लावून देतात, असं मी मनात म्हटलं. पण उतरू दे म्हणून अडून बसण्याइतकी माझीही छाती नव्हती. रात्री कोणी दार उघडून निघालं तर माझ्या गुडघ्यांनी मी कुठवर धावणार?

मग मला दुसरी युक्ती सुचली. तो उतरू शकत नाही तर मी चढते. नागपूरहून त्याच्या गाडीत बसायचं आणि बल्लारशाहला उतरून परतायचं. सकाळी उशिरापासून दुपार टळेपर्यंत भाऊ समोर. विमानात पोचवायला जाता येत नाही, हे एक विमानाचं मोठंच न्यून आहे. भाच्याला सांगितलं तर तोही खूश झाला. त्यानं फोनवरच त्याच बोगीत माझी जागा पक्की केली. "बाबांना सरप्राइज देऊ," तो म्हणाला. मीही म्हटलं, सांगू नकोस त्याले. या वयात मला सरप्राइजची हौस आली, ती नडली.

आदल्या दिवशी सांबारवडी केली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, भावाला ती वडी लसणाच्या चटणीबरोबर लागते. सकाळी दशम्या लाटल्या, वांग्याची भाजी केली, जवसाची चटणी बांधली, आणि पहिल्या गाडीनं नागपूर गाठलं. फलाटावर मी उगाच हसत उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी भावाच्या गाडीवर डबा घेऊन आले होते आणि गाडी सुटल्यावर मागं राहणार नव्हते.

भाऊ खालच्या बर्थवर खिडकीशी बसला होता. जरा वाळला होता, पण दाढी केलेली, शर्ट स्वच्छ. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाय आत घेतले आणि म्हणाला, "या ताई, बसा. जागा मोकळीच हाये."

मी हसले. त्याला लहानपणापासून असं चिडवायची खोड होती. ओळख दाखवायची नाही, समोरचा रडकुंडीला आला की मोठ्यानं हसायचं. मी त्याच्या हसण्याची वाट पाहत बसले. त्यानं माझी पिशवी नीट सरकवून दिली आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागला.

"बाबा, अहो, आत्या आहे ही," भाचा म्हणाला.

"हाव, हाव. नमस्कार." त्यानं हात जोडले. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "पोट्टा मजाक करते."

भाचा माझ्याकडे पाहू शकला नाही. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी त्याला खोटं ठरवलं होतं. अजनी गेलं, खापरी गेलं. मी भावाचे हात पाहत होते. तेच हात, डाव्या अंगठ्याचं नख तसंच चिरलेलं. त्या माणसाला मी ओळखत होते आणि तो मला ओळखत नव्हता, आणि आमच्या मध्ये एवढीही जागा नव्हती की मी उठून कुठं जावं. मला इतकं एकटं घरात कधी वाटलेलं नाही. घरात निदान कोणी समोर बसलेलं नसतं.

पण भाऊ बोलायला लागला. नागपूर लागलं की त्याची जीभ मोकळी होते, दिल्लीतली सगळी वर्षं त्याच्या बोलीवरून धूळ झटकावी तशी झटकली जातात. "कुठल्या तुम्ही?" त्यानं विचारलं.

"वर्धेची," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"अरे वा! आमच्या गावच्याच निघाल्या. कापूस कसा हाये यंदा?"

"बरा हाये. वेचणी चालू हाये."

मग आम्ही कापसाचं बोललो, थंडीचं बोललो. बुटीबोरी मागं पडलं. बाहेर तुरी फुलल्या होत्या. तो सज्जनपणे बोलत होता, माझं ऐकून घेत होता. कोणाही बाईला असा सहप्रवासी मिळाला तर ती घरी जाऊन सांगेल. मला वाटलं, खाऊ घातलं की ओळखेल. चवीवरून तरी ओळखेल. मी डबा काढला आणि झाकणाला हात लावला.

"नाई ताई, मले नका देऊ," तो म्हणाला. "सेवाग्रामले माही बहीण येते डबा घेऊन. भूक राखून ठेवून राह्यलो मी. सकाळी नाश्ता नाई केला."

"खरंच नाही केला," भाचा हळू आवाजात म्हणाला. "काल रात्रीपासून हेच चाललंय."

मी डबा तसाच मांडीवर धरून बसले. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. भाऊ मला विसरला नव्हता. त्याची बहीण त्याच्या डोक्यात अगदी नीट उभी होती, पण ती सेवाग्रामच्या फलाटावर उभी होती. इतकी वर्षं तिथंच भेटल्यावर ती दुसरीकडे कुठं असणार? आणि आज फलाटावर कोणी नव्हतं. ही त्याची गाडीची शेवटची खेप होती. तो दारात उभा राहणार, गाडी निघणार, आणि बारकी आली नाही एवढंच घेऊन तो जाणार. किंवा मला शोधायला खाली उतरणार. भाच्याच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्यानं चपला पायात घातल्या.

सिंदी गेलं तसा भाऊ उठला. खिशातून कंगवा काढून केस विंचरले, वरची गुंडी लावली. "चला, आलं आमचं स्टेशन," मला म्हणाला आणि दाराकडे निघाला. भाचा त्याच्या मागं.

मी डबा घेतला आणि बोगीच्या दुसऱ्या टोकाच्या दाराकडे गेले. गाडी थांबली न थांबली तोच उतरले. गुडघा कळवळला. मधल्या काळ्या काचांच्या खिडक्यांवरून मी जमेल तशी धावले. नेहमीच्या जागी, खांबाजवळ, दुसऱ्या घरची एक बाई पिशवी घेऊन उभी होती, तिला चक्क बाजूला सारलं. भाऊ दारात दांडी धरून वाकून पाहत होता, नेमका उलट्या बाजूला. एक पाय त्यानं खालच्या पायरीवर टाकला होता आणि भाच्यानं त्याचा दंड धरला होता.

"भाऊ!"

त्यानं मान वळवली. "बारके! काऊन उशीर केला वं? मले वाटलं आली नाई आज."

"आली ना. ऑटोच भेटत नव्हता."

"आण, डबा आण. किती दुबळी झाली तू! जेवत नाई काय?"

"जेवतो ना भाऊ."

"गुडघे कसे हायेत?"

"हायेत तसेच."

त्यानं डबा छातीशी धरला. "पोट्टा म्हणते पुढच्या खेपेले विमानानं जाऊ. मी म्हटलं, मंग बारकी कुठी उभी राह्यन?"

त्याच्या मागे भाच्यानं तोंड फिरवलं. एवढ्यात भोंगा झाला.

"जाय आता घरी, ऊन हाये," भाऊ म्हणाला. "तब्येतीले जपजो."

एका क्षणासाठी वाटलं, इथंच राहावं. भेट झाली होती, बारकी वेळेवर आली होती, आता पुन्हा ताई होऊन कशाला जायचं? पण माझी पिशवी गाडीत होती, घराची किल्ली त्या पिशवीत होती, आणि खरं सांगायचं तर भाऊही गाडीतच होता. मी मागच्या दाराकडे धावले. गाडी हलली होती. दारात उभ्या असलेल्या एका फौजी माणसानं मनगट धरून मला आत ओढलं आणि "माताजी, मरना है क्या?" म्हणून फटकारलं. त्याचं बरोबरच होतं. मी बेसिनजवळ उभी राहून रडले, तोंड धुतलं, पुन्हा रडले. हात धुवायला आलेली एक दक्षिणी बाई काहीतरी बोलली, मला एक शब्द कळला नाही, पण तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

जागेवर परत आले तर भावानं बर्थवर कागद पसरून डबा उघडला होता.

"कुठं गेलत्या तुम्ही? या, या. माही बहीण येऊन गेली. तुम्ही पाह्यली असती तर बरं झालं असतं." त्यानं दोन दशम्यांवर भाजी घातली, सांबारवडी ठेवली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "घ्या ताई, लाजू नका. तिच्या हातची वडी अख्ख्या दिल्लीत भेटत नाई."

मी माझ्या हातची वडी खाल्ली. मीठ थोडं जास्त झालं होतं. त्याला ते जाणवलं नाही, किंवा बहिणीची बाजू राखायची म्हणून तो बोलला नाही. भुकेलेला होता, भराभर जेवला. हिंगणघाट आलं. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली दिसली. ती पाहत पाहत तो म्हणाला, "एकटी राह्यते ती."

"कोण?"

"माही बहीण. लग्न नाई केलं. तिले पुण्याची नोकरी लागली होती, मले दिल्लीची. माय आजारी. एकानं घरी राह्याचं होतं. ती म्हणे, तू जाय भाऊ, मी हावो इथं. अन् मी गेलो." त्यानं बोटं पुसली. "मी एकदा तरी नाई म्हणाले पाह्यजे होतं. मंग तीच जिंकली असती, तिच्यासमोर माह्यं काय चालते? पण एकदा म्हणाले पाह्यजे होतं."

पुण्याच्या नोकरीचं त्याला माहीत होतं, याचंच मला नवल वाटलं. मी ते पत्र आल्यावर कोणाजवळ फारसं बोलले नव्हते. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की मी मागं राहिले हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. घरात जात्याची खुंटी राहते तशी मी राहिले, असंच सगळे धरून चालले असतील. चिडचिडी, एकलकोंडी झाले ती त्यामुळेच. आणि हा माणूस ते सगळं मनात बाळगून माझ्या समोरून जात-येत होता.

"मंग तिले सांगितलं काऊन नाई?" मी विचारलं.

"दोन मिनिटं थांबते ताई गाडी. एवढी गोष्ट दोन मिनिटांत कशी सांगाव?"

पुढं तो कितीतरी बोलला. बहीण पाढे कशी म्हणायची, नाचणगावच्या शाळेत वडिलांना गणितात चूक दाखवून तिनं कसा मार खाल्ला, मग रुसून बोरीच्या झाडावर कशी बसली. मी हं, हं करत ऐकलं. एकदा मला राहवलं नाही, मी म्हटलं, "बोरीवर नाई, चिंचेवर." तो हसला. "नाई ताई, बोरच होती. मी होतो ना तिथं." भाचा वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण तो झोपला नव्हता. वरोरा, भांदक, चंद्रपूर गेलं. इतकं माझ्याबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. सुख झालं असं म्हणवत नाही आणि दुःख झालं असंही म्हणवत नाही. दोन्ही होतं, आणि ज्याच्या गळ्यात पडून ते सांगावं तो समोर बसून मला ताई म्हणत होता.

बल्लारशाहला गाडी बराच वेळ थांबते. मी रिकामा डबा पिशवीत घातला आणि भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो काही बोलायला गेला, मी नको म्हटलं. त्याच्यावरचा राग तोवर उरला नव्हता. भाऊ मला पोचवायला दारापर्यंत आला. मी खाली उतरले. आता मी फलाटावर होते आणि तो दारात. मी पिशवीतून डबा पुन्हा बाहेर काढला, उगाचच, आणि दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे पाहत उभी राहिले. मघाशी असंच उभं राहिल्यावर त्यानं ओळखलं होतं. त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा जीव डोळ्यांत आला.

"चला ताई," तो म्हणाला. "सोबत बरी झाली तुमची."

"हाव," मी म्हटलं.

"तुम्ही आता वर्धेलेच जासान?"

"हाव. संध्याकाळच्या गाडीनं."

"मंग माही बहीण भेटली कुठी, तर तिले सांगजा."

"काय सांगू?"

तो थांबला. मला वाटलं, गेलं तेही डोक्यातून. पण त्यानं दांडी घट्ट धरली आणि वाकून, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला, "सांगजा, पुढच्या खेपेले भाऊ खाली उतरणार हाये. चार दिवस राह्यन म्हणा. सगळं बोलाचं हाये."

भाचा त्याच्या मागंच उभा होता. गाडीनं भोंगा दिला.

"सांगते," मी म्हटलं.

"विसरसान तं नाई?"

"नाई विसरत," मी म्हटलं.